खारकाकूचा हात

गल्लीत तिला खारकाकू म्हणत. खरं नाव विचारलं तर तिच्या लेकीलाही क्षणभर थांबावं लागायचं. लहान पोरांना वाटे, या बाईनं कधीतरी खार पाळली असणार. एका कार्ट्यानं तर दुकानाच्या दारावर खडूनं झुपकेदार शेपटीसकट चित्र काढलं होतं, आणि तिनं ते पुसलं नव्हतं. पण हा खार पिंपातला. काकड्या, कोबी, गाजरं आणि मुळे ज्यात बुडून पडलेले असतात ते गढूळ, आंबट, नाकात झिणझिण्या आणणारं पाणी. त्या पाण्यात तिचे हात तीस-पस्तीस वर्षं होते. बोटांच्या पेरांना कायमच्या भेगा, आणि त्या भेगांना मीठ लागलं तरी ती आता स्स करत नसे.

दुकान म्हणजे तळघरच. उतरताना डोकं वाकवावं लागे, आणि नवा माणूस हमखास कपाळमोक्ष करून घेई. आत चार लाकडी पिंपं, एक मोरी, एक वजनकाटा, आणि वर, छताला चिकटून, एक आडवी खिडकी. त्या खिडकीतून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसत. काकू पायांवरूनच गिऱ्हाईक ओळखायची. पाय फरफटत येणारा, त्याला काल जास्त झालेली. त्याला काकडी नको, पेलाभर खार हवा, डोकं ताळ्यावर यायला. पाय फाकवून जपून उतरणारी पोटुशी. तिला मुळा, तो पण कडेचा, करकरीत. आणि घाईघाईनं येणारी एखादी सून, घरात म्हातारं तापातून उठलंय, पाच दिवस तोंडात घास घेत नाही, आज म्हणालं, आंबट काहीतरी आण. काकू अशा वेळी वजन करत नसे. पुडीत कोबीची मूठ घालायची आणि म्हणायची, ने, जेवायला लागला की मग काय ते बघू.

तिला हे काम सासूनं शिकवलं. सासू जाडजूड बाई, तोंडानं फटकळ. नवी सून तळघरात उतरली त्या दिवशी सासूनं तिला एक अंडं दिलं आणि मिठाच्या पाण्यात सोडायला सांगितलं. अंडं बुडालं. सासूनं आणखी मीठ ओतलं, अंडं वर आलं, त्याचं नाण्याएवढं टक्कल पाण्याबाहेर दिसायला लागलं. "बघितलंस? एवढंच शिकायचंय. बाकी सगळं धीर धरायचं काम, ते कुणी शिकवत नसतं."

सासूला शाळा नव्हती, पण गोष्टी पुष्कळ होत्या, तिच्या सासूकडून आलेल्या. जुन्या काळी लांबच्या जहाजांवर खलाशांच्या हिरड्या कुजायच्या, दात पडायचे, माणसं डेकवर मरून पडायची. मग कुणीतरी शहाण्यानं आंबवलेल्या कोबीची पिंपं चढवली आणि माणसं जितीजागती परत यायला लागली. लढाईवर निघालेल्या शिपायांच्या गाड्यांत बंदुकीच्या दारूशेजारी खारवलेल्या भाजीची पिंपं असत. राजा असो की हमाल, भाजी उगवत नाही त्या महिन्यांत सगळ्यांची जीभ एकाच पिंपाकडे वळते, असं सासू म्हणायची. वर पुस्ती जोडायची, "आपलं म्हणजे तोंडी लावण्याचं. ताटाच्या कडेला बसायचं. पण आपण नसलो की जेवणारा ताटावरून उठतो, हे ध्यानात ठेव."

या घराण्यात एक रीत होती. कुणी लिहून ठेवली नव्हती, पण होती. पिंपाचं काम हातात आलं की ते हातात असेपर्यंत करायचं. आजारपण, बाळंतपण, घरातलं मरण, काही आलं तरी पिंपाला कारण चालत नाही. भाजी कुजते ती तुमचं सुतक बघून थांबत नाही. सुटका एकाच गोष्टीनं होई. हात उतरला तर. म्हणजे मीठ तेच, पाणी तेच, भाजी तीच, आणि तरी पिंप नासलं, पुन्हा नासलं, तर समजायचं की या हातातली चव गेली. मग त्या बाईनं हात धुवायचे, वरच्या खोलीत जाऊन बसायचं, आणि पुढच्या बाईनं खाली उतरायचं. बसलेल्या बाईला कुणी काही बोलत नसे. जेवण हातात मिळे. सासूचा हात असाच उतरला होता. कोबीचं पिंप दोनदा बुळबुळीत झालं, तशी ती लुगड्याला हात पुसत वर गेली ती खिडकीत बसली, आणि मरेपर्यंत बसून राहिली. खरं तर चेहऱ्यावरून ती दुःखी दिसत नव्हती. पण तेव्हा सुनेला तिच्या चेहऱ्याकडे बघायला सवड नव्हती.

आता खारकाकूच्या पुढे कुणी नव्हतं. नवरा गोदामात हमाली करून करून कधीच गेला. लेक एकुलती, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, शिवणकामाच्या कारखान्यात जाते. तिला लहानपणापासून या वासाची शिसारी. शाळेत पोरी तिच्या शेजारी बसायच्या नाहीत. ती आईला दर भेटीत सांगायची, चल आमच्याकडे. काकू म्हणायची, येईन गं. आणि दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याकडून कोबीचे गड्डे उतरवून घ्यायची.

पण दमली होती. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. उजवा खांदा धरलेला, रात्री त्या कुशीवर वळता येत नसे. सकाळी उठली की आधी पलंगाच्या कडेला बसून राही आणि जिन्याचा विचार करी. सगळ्यात जिवावर येई ते दगडांचं. भाजी पाण्याच्या वर आली की बुरशी धरते, म्हणून प्रत्येक पिंपात वरून जड दगड ठेवायचा. नदीतले काळे, गुळगुळीत दगड, सासूच्या सासूनं आणलेले. त्यांना घरात 'दडपण' म्हणत. रोज दडपण उचलायचं, वरची साय काढायची, भाजी चाचपायची, दडपण परत ठेवायचं. चार पिंपं, चार दडपणं. काकू म्हणायची, लोकांना मनावर दडपण असतं, माझं खांद्यावर आहे.

हे जावयानं ऐकलं. जावई फरशीकाम करणारा. लोकांच्या घरांतले ओटे, जिने, मोऱ्या बसवायचा. थोराड, अबोल, नाकात कायम दगडाची धूळ. सासूबाईंवर त्याचा जीव. त्याला आई नव्हती. एका सुट्टीच्या दिवशी तो खांद्यावर गोणपाटात बांधलेलं ओझं घेऊन आला आणि तळघराच्या फरशीवर त्यानं ते मांडलं. पांढऱ्याशुभ्र संगमरवराच्या तीन गोल चकत्या. कुठल्यातरी बंगल्यातल्या ओट्याचे उरलेले तुकडे. पिंपांच्या तोंडाचं माप त्यानं गुपचूप आधीच घेतलं होतं. कडा घासून गोल केलेल्या, मधोमध भोक, त्यात जाड दोरीची मूठ. वाकायचं नाही, दोरीला धरून सरळ उचलायचं. चौथी चकती कापताना तडकली, म्हणून तीनच. मुळ्याच्या पिंपात जुनंच दडपण राहू द्या आई, म्हणाला, पुढच्या खेपेला करतो.

काकूनं दोरी धरून एक चकती उचलून बघितली. खांदा दुखला नाही. ती चकतीवरून भेगाळलेला हात फिरवत राहिली. आयुष्यात कुणी तिच्या मापानं काही कापलं नव्हतं.

भाज्या स्वस्त झाल्या तशी तिनं नवी पिंपं भरली. काकड्या, कोबी, गाजरं, मुळे. अंडं तरंगलं. चकत्या ठेवल्या. थोड्या दिवसांनी बुडबुडे यायला लागले आणि काकूला बरं वाटलं, कारण बुडबुडे म्हणजे पिंप जागं झालं. या धंद्यात बुडबुड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा असतो. जोरात येतात, मग मंद होतात, मग थांबतात. थांबले की चाखायचं. या वेळी बुडबुडे आले ते थांबेचनात. कडेकडेनं, बारीक बारीक, सोडावॉटरसारखे. काकूला वाटलं, काय जोम आहे यंदा. भाजी मस्त असणार. तिनं पिंपांना आणखी वेळ दिला.

मग एक दिवस काकडी काढून दाताखाली धरली. आंबट नव्हती. खारट, मिळमिळीत, आणि मागून जिभेवर खडू चाटल्यासारखं काहीतरी. कोबी चाखला. तोही तसाच, आणि बोटांना बुळबुळीत. गाजरांवर पांढरी जाड साय, वास कुबट. कुठंतरी पाणी मुरतंय एवढं कळत होतं, पण कुठं? तिनं आधी मिठाला दोष दिला. मीठवाल्याला बोल लावले, तो बिचारा शपथा घ्यायला लागला. मग पाण्याला. मग भाजीवाल्याला. तिन्ही पिंपं उपसून फेकली, घासली, उन्हात वाळवली, पुन्हा भरली. पुन्हा बुडबुडे, पुन्हा तेच.

दुसऱ्यांदा कोबी तोंडात घातला आणि ती पायरीवर बसली. मीठ तेच. पाणी तेच. भाजी तीच. दोनदा नासलं.

या हातानं तिनं लेक वाढवली, नवऱ्याचं आजारपण काढलं, गल्लीतल्या अर्ध्या पोटुश्यांचे डोहाळे पुरवले. तो हात उतरला. ती दोन्ही तळवे समोर धरून बघत राहिली, जणू तिथं काही लिहिलेलं दिसेल. आणि मग, कुठूनतरी आतून, फार खालून, दुसरंच काहीतरी वर आलं. उद्या सकाळी पलंगाच्या कडेला बसून जिन्याचा विचार करायला नको. परवाही नको. हात उतरला म्हटल्यावर कुणी काही म्हणणार नाही. तिला इतकं हलकं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली.

तिनं लेकीला निरोप धाडला, सुट्टीला दोघं या, मी येते तुमच्याबरोबर. खानावळवाल्यालाही सांगितलं. कोपऱ्यावरच्या खानावळीचा मालक. त्याच्या बापाच्या वेळेपासून त्याच्या प्रत्येक ताटाच्या कडेला याच तळघरातला कोबी. तो ऐकून खुर्चीतच बसला. काकू, चेष्टा करू नका, म्हणाला. चेष्टा नाही म्हटल्यावर त्यानं नवं मीठ आणून देऊ का, गावाबाहेरच्या विहिरीचं पाणी मागवू का, असे दहा उपाय सांगितले. काकू म्हणाली, हात उतरल्यावर उपाय नसतो. घराण्याची रीत त्यालाही ठाऊक होती.

सुट्टीच्या आदल्या दिवशी ती तळघर आवरायला लागली. मुळ्याच्या पिंपावरची साय ती काढत होती, पण मुळा तिनं इतके दिवस चाखलाच नव्हता. तीन नासली, चौथं काय वेगळं असणार. जुना काळा दगड दोन्ही हातांनी उचलला, खांद्यातून कळ गेली. मुळा काढला आणि नुसतं बघायचं म्हणून चावला.

कट् आवाज झाला. आंबट, खारट, तिखटसर, नाकातून डोक्यात चढणारा. डोळ्यांत पाणी आलं. कित्येक वर्षांतला उत्तम मुळा.

ती तोंडातला घास चघळायची विसरली. याच हातानं भरलेला. त्याच दिवशी, त्याच मिठाचा. मग फरक कसला? तिनं काळ्या दगडाकडे बघितलं, मग मोरीशी टेकवून ठेवलेल्या पांढऱ्या चकत्यांकडे. एक चकती उजेडात धरली. तिची चकाकी पार गेली होती. कडा, ज्या जावयानं घासून गोल केल्या होत्या, त्या चोखलेल्या गोळीसारख्या झिजल्या होत्या. बोट फिरवलं तर बोटाला पांढरी पूड. आंबटपणा तयार होत होता, आणि हा दगड तो खात होता. ते बुडबुडे पिंप जागं झाल्याचे नव्हतेच. ते या दोघांच्या भांडणाचे होते.

म्हणजे हात शाबूत होता.

कुणीही उडी मारली असती. काकू पायरीवर बसली, आणि तिला रडू आलं, पण ते आनंदाचं नव्हतं. हात शाबूत म्हणजे उद्या सकाळी जिना. परवा जिना. कोबीचे गड्डे, मीठ, दडपणं. सासूला बसायला मिळालं, आणि आपला हात मात्र एवढा चिवट. मग तिच्या मनात आलं, सासूचा तरी खरंच उतरला होता का? ते कळायला आता मार्ग नव्हता. वर बसल्यावरही म्हातारी नुसत्या वासावरून सांगायची, सूनबाई, आज मीठ कमी पडलंय. आणि ते कमीच असायचं.

तिनं चकत्या गोणपाटात गुंडाळल्या आणि पिंपामागे सरकवून ठेवल्या. जावयाला वाईट वाटायला नको, असं स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. पण सगळं खरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळे जमले. लेक दोन पिशव्या घेऊन आली, आईचे कपडे भरायला. येताना नाकाला पदर लावायचं मात्र विसरली. खानावळवाला शेवटचं म्हणून काहीतरी न्यायला आला होता, मुळा तर मुळा. जावई पिंपं हलवायला वाकला, आणि त्याच्या हाताला गोणपाट लागलं.

त्यानं एक चकती बाहेर काढली. खिडकीच्या उजेडात फिरवली. अंगठ्यानं कड घासली, पूड जिभेला लावली. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला.

"मी गाढव आहे," तो म्हणाला. "आई, मी शंभर नंबरी गाढव आहे."

लेक म्हणाली, ते माहितीये, आता काय झालं.

मग तो अबोल माणूस धबधब्यासारखा बोलायला लागला. प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतो, बाईसाहेब, या ओट्यावर लिंबू कापू नका, दही सांडू नका, संगमरवराला आंबट चालत नाही, डाग पडतो, खड्डा पडतो. रोज बजावतो. आणि तोच दगड कापून सासूच्या आंबट पिंपात घातला. "तुमचा हात उतरलेला नाही आई. माझी अक्कल उतरली होती. सगळं त्या दगडानं खाल्लं."

खानावळवाल्यानं तोवर मुळा तोंडात टाकला होता. तो कट् आवाज सगळ्यांनी ऐकला. त्याचं तोंड फुललं. हे बघा, हे बघा, तो नाचायचाच बाकी राहिला, हात कसा उतरेल, असा हात सोन्यानं मढवायला पाहिजे. जावई म्हणाला, उद्याच काळ्या ग्रॅनाइटच्या कापून आणतो, त्याला आंबटाचं काही होत नाही, दोरी तशीच लावतो. लेकीनं पिशव्या खाली ठेवल्या. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आईचा हात चांगला आहे याचा तिलाही अभिमान वाटत होता, वासाची शिसारी असली तरी. तिघंही काकूकडे बघत होते, तिच्या हसण्याची वाट बघत.

काकू पायरीवर बसलेली होती. तिनं जावयाकडे बघितलं. एवढा मोठा गडी, हातात झिजलेला दगड धरून, बोलून मोकळा झाल्यासारखा उभा होता. त्यानं लपवलं नाही. आपण लपवलं.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "कालच कळलं मला."

कुणाला काही समजलं नाही. लेक म्हणाली, "मग सांगितलं का नाहीस? कालपासून आम्ही रडतोय तिकडे."

"सांगितलं असतं तर उद्या पिंप भरावं लागलं असतं." तिचा आवाज साधाच होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "हात चांगला आहे गं माझा. हाताला काही झालेलं नाही. मी दमलेय."

वरून रस्त्यावरचे पाय जात-येत होते. हे वाक्य या घरात आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. उतरलेल्या हाताला माफी होती. दमलेल्या बाईचं काय करायचं, ते कुणालाच माहीत नव्हतं.

खानावळवाल्याला वाटलं, आपण समजावलं पाहिजे. तो म्हणाला, काकू, दोन दिवस पडा, विश्रांती घ्या, मग बघू. काकू म्हणाली, दोन दिवसांची ही दमणूक नव्हे. तो म्हणाला, एखादी बाई ठेवू हाताखाली. काकू म्हणाली, ठेवा, तुमच्या खानावळीत ठेवा, मी तिला अंडं तरंगवायला शिकवीन, बसून. त्यानं शेवटचा बाण सोडला, पण चव कुठून आणू मी? लेक तिच्याजवळ येऊन पायरीवर बसली, खांद्याला खांदा लावून. दुखरा खांदा होता, पण काकू सरकली नाही.

"आधी का नाही बोललीस?" लेकीनं हळूच विचारलं.

"बोलायची पद्धत नव्हती."

शेवटी जावयानंच बाह्या सरसावल्या. तीन पिंपं नासलेली, ती रिकामी तर करायलाच हवीत. त्यानं बादली भरली, खानावळवाल्याच्या हातात दिली, दुसरी स्वतः घेतली. खानावळवाल्यानं एकदा आपल्या स्वच्छ शर्टाकडे बघितलं, सुस्कारा टाकला आणि जिना चढायला लागला. पहिल्याच फेरीत त्याचं कपाळ आपटलं. काकू खालून म्हणाली, झाडाच्या बुंध्यात ओतू नका, मिठानं झाड मरेल, गटारात ओता.

दुसऱ्या फेरीला तो धापा टाकत खाली आला. कपाळ चोळत म्हणाला, "काकू, ते जाऊ द्या सगळं. पण आज दुपारी ताटाला तोंडी लावायला काय देऊ, ते तरी सांगा."

"कांदा चिरा," काकू म्हणाली. "मीठ लावून."

लेक हसली. खानावळवाला बादली घेऊन पुन्हा वर गेला, रस्त्यावर पाणी ओतल्याचा आवाज आला. काकूला सवयीनं उठावंसं वाटलं, जाऊन बघावं, नीट ओततायत की नाही. तिनं गुडघ्यांवर हात टेकले. मग तसेच टेकलेले राहू दिले.